पळू नका, पण खेळा : ज्येष्ठांसाठी चालता फुटबॉल

(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



साठ वर्षे पूर्ण झाली की शाळा नव्या इमारतीचे बेत आखू लागते. माणसाने साठी गाठली की त्याला ‘आता जपून’ असे बजावले जाते. या शाळेच्या पहिल्या तुकड्यांतील मुले-मुली आज स्वतः आजोबा-आजी झाली आहेत. ज्या मैदानावर त्यांना एकेकाळी धावायला शिकवले, त्याच मैदानावर त्यांना पुन्हा खेळायला बोलावता येईल काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

म्हैसूर हे निवृत्तांचे आवडते शहर म्हणून ओळखले जाते. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरहून अधिक उंची, सौम्य हवा आणि मोकळ्या जागा यांमुळे येथे पहाटे फिरायला जाण्याचा परिपाठ मोठा आहे. कुक्करहळ्ळी तलावाच्या काठची पायवाट याची साक्ष देते. विजयनगरला लागूनच असलेल्या हेब्बाळ परिसरात कारखाने आणि संगणक-उद्योग वाढले. नोकरीसाठी मुले येथे आली आणि त्यांच्यामागून गावचे घर बंद करून काही मराठी आई-वडीलही आले. नातवंडे शाळेत, मुलगा-सून कामावर आणि कन्नड अजून जिभेवर बसलेले नाही, अशा आजोबांचा दिवस फार लांब असतो. सकाळी ते एकटेच फिरतात, बाकावर एकटेच बसतात आणि एकटेच घरी परततात. पाय चालतात, पण मनाला चालना मिळत नाही.

चालणे हा उत्तम व्यायाम आहे, यात शंका नाही. मात्र सरळ रस्त्याने चालताना शरीराला वळणे, थबकणे, बाजूला सरकणे, एका पायावर तोल सांभाळणे यांचा सराव फारसा घडत नाही. उतारवयात पडण्याची भीती असते ती नेमकी अशाच क्षणी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात पासष्ट वर्षांवरील व्यक्तींना आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवला आहेच. शिवाय आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि स्नायूंचे बळ वाढवणाऱ्या विविध हालचाली कराव्यात, असेही सांगितले आहे.

या दोन्ही गरजा एकत्र भागवणारा एक खेळ इंग्लंडमधील चेस्टरफील्ड या गावी २०११ साली सुरू झाला. तेथील फुटबॉल क्लबच्या समाजसेवी संस्थेने पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी चालत खेळायचा फुटबॉल पुढे आणला आणि पाहता पाहता तो अनेक देशांत पोहोचला. नियम सोपे आहेत. धावायचे नाही, एक पाऊल सतत जमिनीवर टेकलेले हवे. धक्काबुक्की वर्ज्य. चेंडू डोक्याच्या उंचीच्या वर उडवायचा नाही, असाही संकेत बहुतेक ठिकाणी आहे. मैदान लहान आणि एका बाजूला पाच-सहा खेळाडू पुरेत. जो धावेल त्याच्या संघाकडून चेंडू जातो. त्यामुळे वेगाला येथे किंमत नाही. किंमत आहे ती नजरेला, नेमकेपणाला आणि सोबत्याला वेळेवर चेंडू देण्याला. तरुणपणी खेळलेला आणि कधीच न खेळलेला, दोघांनाही एकाच पातळीवर आणणारा हा नियम आहे.

चेंडूला पाय लावताना क्षणभर दुसऱ्या पायावर उभे राहावे लागते. लहानपणी अंगणात लंगडी खेळलेल्या आजींना ही विद्या नवीन नाही. म्हणून हा खेळ केवळ पुरुषांचा मानू नये.

फुटबॉल मराठी माणसाला परकाही नाही. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींच्या नावाने संघ उतरतात आणि शाहू स्टेडियम प्रेक्षकांनी फुलून जाते. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉल आपलासा केला. मग प्रेक्षागारात बसलेल्या जुन्या खेळाडूंनी चालत का होईना, पुन्हा मैदानात का उतरू नये? शरीर आयुष्यभर जोपासण्याचा धडा तर म्हैसूरनेच महाराष्ट्राला दिला आहे. जगन्मोहन राजवाड्यातील योगशाळेत कृष्णमाचार्यांकडे शिकलेले बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यास आले, तेथेच स्थिरावले आणि नव्वदीतही त्यांनी आपली साधना सोडली नाही.

उत्साहाला सावधपणाची जोड मात्र हवी. हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह किंवा गुडघ्यांचे दुखणे असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सुरुवातीला दहा मिनिटे अंग मोकळे करावे, घट्ट बसणारे बूट घालावेत, सपाट जागा निवडावी, पाणी जवळ ठेवावे. खेळताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत श्रम योग्य समजावेत. छातीत दुखले, भोवळ आली किंवा दम लागला, तर लगेच थांबावे. थांबण्यात कमीपणा नाही.

यासाठी खर्च किती? एक चेंडू, चार खुणेचे शंकू आणि मैदान. शाळेचे मैदान पहाटे आणि सुटीच्या दिवशी रिकामे असते. आठवड्यातून दोन सकाळी ते परिसरातील ज्येष्ठांसाठी उघडावे. क्रीडाशिक्षकांनी प्रारंभी नियम समजावून द्यावेत. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी आळीपाळीने पंच व्हावे. आजोबा धावले तर नातवाने शिट्टी वाजवावी, आणि आजोबांनी ती मानावी, याहून गोड शिस्तीचा धडा कोणता? कन्नड बोलणारे शेजारी आणि मराठी बोलणारे पाहुणे एका संघात आले, तर ‘इकडे दे’ आणि ‘इल्ली कोडी’ हे दोन्ही शब्द आठवड्याभरात सर्वांचे होतील. बाकावर एकटे बसणाऱ्या त्या आजोबांना मंगळवारी कोणी तरी विचारील, ‘शनिवारी का आला नाहीत?’ हा प्रश्न विचारणारे माणूस असणे, हेही म्हातारपणाचे एक औषध आहे.

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने संस्थेने अनेक संकल्प सोडले आहेत. त्यांत एका चेंडूची भर पडावी. ज्यांनी या शाळेचे बालपण पाहिले, त्यांच्यासाठी तिच्या मैदानाचे फाटक उघडे असावे, एवढीच विनंती.