मुका ऑलिव्हर



चार्ल्स डिकन्सची ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ १८३७ साली लंडनच्या एका मासिकात क्रमशः येऊ लागली, तेव्हा लेखक होता पंचविशीचा. इंग्लंडात १८३४ साली गरिबांविषयीचा नवा कायदा आला होता. मदत हवी तर वर्कहाऊसात, म्हणजे गरिबांच्या कामघरात, येऊन राहा, आणि तिथलं जिणं मुद्दाम असं ठेवायचं की कुणाला यावंसंच वाटू नये. या निर्दयपणाविरुद्ध डिकन्सनं उभा केला नऊ वर्षांचा एक पोरका मुलगा. तो वाडगा पुढे करतो आणि आणखी पेज मागतो. एवढाच त्याचा गुन्हा.

फ्रँक लॉइड यांनी १९२२ साली अमेरिकेत या कादंबरीवर मूकपट काढला. ऑलिव्हर झाला जॅकी कूगन, चॅप्लिनच्या ‘द किड’मधला तोच चिमुरडा. पुढे बोलपटांतूनही ऑलिव्हर आला. डेव्हिड लीन यांचा १९४८ चा चित्रपट तर थोरच आहे. तरी पेजेचा तो प्रसंग मला मूकपटातच अधिक भिडतो. कादंबरीत ऑलिव्हर फार कमी बोलतो. त्याच्याविषयी बोलतात ते मोठे लोक. मूकपटात या मोठ्यांचाही आवाज जातो. दरडावणारा अधिकारी नुसतेच ओठ हलवतो, आणि आपली नजर त्या पोराच्या चेहऱ्यावरून हलत नाही.

पोरांना पाकीटमारी शिकवणाऱ्या फॅगिनच्या भूमिकेत लॉन चेनी आहेत. त्यांचे आईवडील दोघंही मूकबधिर, त्यामुळे हातांनी आणि चेहऱ्यानं बोलणं ही त्यांची घरचीच भाषा. त्यांची बोटं जरूर पाहा!

पडद्यावरच्या या अनाथाला, जॅकी कूगनला, प्रत्यक्षातही कुणी वाली उरला नाही. मोठेपणी त्यानं आपल्या कमाईचा हिशेब मागितला, तेव्हा पैसा बहुतेक उडून गेला होता. १९३८ साली त्याला सख्ख्या आईवर आणि सावत्र वडिलांवर खटला भरावा लागला. त्यातूनच १९३९ साली कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईला संरक्षण देणारा कायदा झाला. आजही तो कूगनच्या नावानं ओळखला जातो.

लॉइड यांचा हा मूकपट कायमचा हरवला असंच सगळे धरून चालले होते. १९७० नंतर युगोस्लाव्हियात त्याची एक प्रत मिळाली, पण तिच्यात मजकुराच्या पाट्याच नव्हत्या. निर्माते सोल लेसर आणि साठीला आलेला कूगन यांच्या मदतीनं त्या नव्यानं तयार झाल्या.

चित्रपट आता इंटरनेटवर पाहता येतो, जेमतेम सव्वा तासाचा आहे. मुलांना शेजारी घेऊन बसा, आणि पाट्या येतील तशा त्यांना मराठीत सांगत जा.