डिस्क आहे, पण दिसत नाहीं

कारखान्यांतील यंत्र बंद पडलें म्हणजे त्याचा एखादा दांडा मोडलेला असतो, पट्टा तुटलेला असतो, निदान कोठें तरी झीज झालेली असते. संगणकांच्या सृष्टींत मात्र एकहि अवयव बिघडलेला नसतां चांगलें चालतें यंत्र नव्या कामास निरुपयोगी ठरूं शकतें. डेल कंपनीनें २००९ सालीं बाजारांत आणलेला पॉवरएज आर ७१० हा सर्व्हर उदाहरणादाखल घ्यावा. बांधणी भक्कम, किंमत आतां जुन्या मालाची. एखाद्या ग्रंथालयाची सूचि किंवा लहानशा संस्थेचा हिशेब सांभाळण्यास तो आजहि पुरून उरेल. परंतु ज्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ या प्रणालीवर असे सर्व्हर वर्षानुवर्षें चालले, तिची नित्याची देखभाल ३० जून २०२४ रोजीं संपली. सुरक्षिततेच्या दुरुस्त्या थांबल्या. तेव्हां मालकापुढें दोनच वाटा उरतात : नवी प्रणाली बसवावी, नाहीं तर यंत्र भंगारांत द्यावें.

नवी प्रणाली, म्हणजे २०१९ सालीं निघालेली आठवी आवृत्ति, बसवावयास घेतली कीं आरंभीं सारें सुरळीत चालतें. भाषा विचारली जाते, वेळ विचारली जाते. डिस्क निवडण्याची पाळी आली म्हणजे मात्र उत्तर मिळतें कीं, डिस्क सांपडत नाहीं. आंत डिस्का फिरत असतात, त्यांचे हिरवे दिवे लुकलुकत असतात, आणि कालपर्यंत त्याच डिस्कांवरून सर्व कारभार चाललेला असतो!

याचें कारण असें कीं, अशा सर्व्हरांत डिस्का मूळ फलकास सरळ जोडलेल्या नसतात. मध्यें एक स्वतंत्र कार्ड असतें. आर ७१० मध्यें बहुधा ‘पर्क ६-आय’ नांवाचें. अनेक डिस्का एकत्र बांधून त्यांची एकच मोठी डिस्क भासविणें, आणि त्यांतील एक निकामी झाली तरी माहिती वांचविणें, हें त्याचें काम. जुन्या वाड्यांत धन्यापर्यंत पोहोंचावयाचें तर आधीं दिवाणजींशीं बोलावें लागे, तसाच हा मामला आहे. दिवाणजींची भाषा जाणणारा जो दुभाष्या, त्यालाच ड्रायव्हर म्हणतात. तो नसेल तर डिस्क असून नसल्यासारखी.

यांत एक गमतीचा पेंच आहे. ड्रायव्हर ठेवावयाचा डिस्कवर, आणि डिस्क वाचावयाची ड्रायव्हरनें. म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरींतच. म्हणून तो आरंभींच बाहेरून पुरवावा लागतो. विंडोज एक्सपी व विंडोज सर्व्हर २००३ यांच्या काळीं त्यासाठीं योग्य क्षणीं एफ-६ ही कळ दाबून फ्लॉपी पुढें करावी लागे. पुढें पुढें यंत्रांत फ्लॉपीचें खोबणच नसे, तरी प्रणाली फ्लॉपीच मागे! क्षण हुकला तर निळा पडदा ठरलेलाच. विंडोज सर्व्हर २००८ पासून यूएसबी स्टिकवरून ड्रायव्हर देण्याची सोय झाली व तो छळ संपला.

लिनक्समध्यें प्रकार निराळा आहे. प्रत्येक कार्डावर दोन क्रमांक कोरलेले असतात : एक निर्मात्याचा, दुसरा वस्तूचा. पर्क ६-आय या कार्डाचे क्रमांक आहेत १००० व ००६०. प्रणालीचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो हे क्रमांक वाचतो आणि कोणत्या ड्रायव्हरच्या यादींत ते आढळतात हें पाहतो. या कार्डाचा ड्रायव्हर ‘मेगारेड एसएएस’. तो आठव्या आवृत्तींत आहे. गेलेला आहे तो केवळ यादींतील क्रमांक ००६०. रेड हॅटनें हें लपविलेलें नाहीं. आवृत्तीसोबतच्या टिपणांत काढलेल्या कार्डांचीं नांवें स्पष्ट दिलेलीं आहेत. जी कंपनी एका आवृत्तीची जबाबदारी दहा वर्षें पत्करते, तिनें जुनीं कार्डें वगळावीं यांत अन्याय नाहीं. तथापि कार्ड चालविणें अशक्य झालें, असा त्याचा अर्थ कोणीं करूं नये. डेबियन ही प्रणाली तेंच कार्ड तक्रार न करितां ओळखते, कारण मूळ कर्नलांतून तो क्रमांक कोणीं काढलेलाच नाहीं.

तेव्हां शोध करावयाचा तो कार्डाच्या नांवाचा नव्हे, क्रमांकांचा. एकाच नांवाखालीं भिन्न चिपा विकल्या जातात. नांवावर विसंबणारे येथेंच फसतात. ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेस ‘एनएन’ हीं अक्षरें जोडलीं कीं दोन्ही क्रमांक पडद्यावर येतात. नंतर ‘ईएलरेपो’ या स्वयंसेवकांच्या भांडाराकडे वळावें. वगळलेले क्रमांक परत घालून ड्रायव्हर बांधण्याचें काम ही मंडळी करीत आली आहे, आणि क्रमांकावरून ड्रायव्हर शोधण्याचें कोष्टकहि त्यांनींच ठेविलें आहे. तेथील ड्रायव्हर-डिस्क यूएसबी स्टिकवर उतरवावी. तिचें नांव ‘ओईएमडीआरव्ही’ असलें म्हणजे स्थापनेचा कार्यक्रम ती आपण होऊन उचलतो. न पेक्षां आरंभींच्या ओळींत ‘इन्स्ट.डीडी’ हा शब्द लिहावा. मात्र ती ८.४ साठीं बांधलेली कीं ८.६ साठीं, हें अवश्य पाहावें. दशांशाचा हा फरक क्षुल्लक दिसतो. निराशेचीं अर्धीं कारणें त्यांतच असतात.

डिस्क दिसूं लागली म्हणजे खरा धोका सुरू होतो, कारण आतां ती पुसलीहि जाऊं शकते. जुन्या माहितीची प्रत आधींच दुसऱ्या यंत्रावर असली पाहिजे. दुसरा धोका महिन्यांनंतर येतो. नवा कर्नल येतो, बाहेरून आणलेला ड्रायव्हर त्याच्याशीं जुळत नाहीं, आणि पुनः सुरू केलेला सर्व्हर स्वतःचीच डिस्क शोधीत बसतो. म्हणून जुळता ड्रायव्हर निघेपर्यंत कर्नलची बढती रोखून धरावी व चालता जुना कर्नल काढूं नये. कार्डच बदलण्याचा मार्ग आहे, आणि पर्क ६-आयला दोन टेराबाइटहून मोठी डिस्क पेलत नसल्यामुळें तो पुष्कळदां सोयीचाहि पडतो. परंतु जुन्या कार्डानें बांधलेली डिस्कांची मोट नव्याला उमगेलच असें नाहीं.

२०२४ सालीं अल्मालिनक्सच्या ९.४ या आवृत्तीनें वगळलेल्या अनेक कार्डांचा आधार परत दिला. मेगारेड एसएएस हा ड्रायव्हर त्यांत आहे. २०२५ सालची रेड हॅटची दहावी आवृत्ति मात्र प्रोसेसरकडूनच अशा आज्ञा मागते, ज्या आर ७१० च्या प्रोसेसरांत मुळींच नाहींत. ती उणीव ड्रायव्हरनें भरून निघत नाहीं. अशा जुन्या प्रोसेसरांकरितां अल्मालिनक्सनें आपल्या दहाव्या आवृत्तीची निराळी बांधणी काढली आहे.