चाकांवरचे घर, डोक्यावरचे ऋण



राष्ट्रीय महामार्ग क्र. ४४ व ५३ आपल्या नागपुरात एकमेकांस छेदतात. त्यांच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रकांकडे पाहा. कर्ज काढून ट्रक घेतलेला चालक-मालक तिथेच स्टोव्हवर भात शिजवतो, केबिनमध्येच निजतो. खोलीचे भाडे वाचते, तेव्हा हप्ता भरतो.

१ ऑक्टोबर २०२५ पासून निर्माण होणाऱ्या नव्या मालट्रकांत वातानुकूलित केबिन बंधनकारक झाली. जुना ट्रक घेतलेल्या ऋणकोस मात्र वैदर्भीय उन्हाळा चुकलेला नाही.

आपल्या परंपरेने देवऋण, ऋषिऋण, पितृऋण सांगितले. समाजऋणही तितकेच खरे. आपल्या घरचे धान्य तोच वाहून आणतो. महामार्गालगतच्या प्रत्येक वस्तीने त्याला सावली, पाणी व स्नानगृह द्यावे. तो आपले कर्ज फेडतोच आहे. आपण आपले फेडूया.