बर्फाचा उतार आणि आपली मुले



आपल्या पर्वत पाटियाच्या नावात पर्वत आहे, प्रत्यक्षात टेकाडही नाही! तरीही हल्ली नाताळच्या सुटीत आपली मुले केदारकंठ्याला, मनालीला बर्फ तुडवायला जातात. अवश्य जावे. मात्र ‘आम्ही साल्हेर चढलो आहोत’ एवढ्याच शिदोरीवर जाऊ नये. साल्हेर 1,567 मीटर उंच, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला खरा. पण तेथे पाय घसरला तर एखादे झुडूप, एखादा खडक हाती लागतो. कडक बर्फावर धरायला काहीच नसते, आणि अंगात गुळगुळीत रेनकोट असला की माणूस पाहता पाहता वेग घेतो.

तेव्हा घसरताच, वेग येण्यापूर्वी थांबले पाहिजे. चटकन पालथे व्हावे, डोके वरच्या बाजूस ठेवावे, हातांवर छाती उचलून बुटांची टोके बर्फात रोवावीत. हाती बर्फाची कुदळ असेल तर तिचे टोक खांद्याजवळ धरून अंगाच्या भाराने रुतवावे. बुटांना लोखंडी दाते बांधलेले असतील तर मात्र पाय उचलूनच धरावेत. दाते अडकले की माणूस उलटा फेकला जातो. हे ऐकून येत नाही. खाली सपाटी असलेल्या लहान उतारावर दहा वेळा घसरून पाहावे लागते.

दुसरे संकट हिमलोटाचे. तो बहुधा 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतो. गणिताचा शिक्षक म्हणून सांगतो: सात हात आडवे जाताना चार हात चढ, म्हणजे 30 अंश. ताज्या हिमवृष्टीनंतर असा उतार टाळावा. ओलांडणे भागच पडले तर एकेकाने ओलांडावा, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबावे.

जाणत्यांनाही हिमलोट सोडत नाही. 4 ऑक्टोबर 2022 रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी द्रौपदी का डांडा शिखरावर त्यात सापडली. 27 मृतदेह मिळाले, दोघे बेपत्ता राहिले. त्याच वर्षी एव्हरेस्ट सर करून आलेल्या प्रशिक्षिका सविता कंसवालही त्यात गेल्या.

म्हणून पालकांनी पैसे भरण्यापूर्वी सहल नेणाऱ्याला विचारावे: वाटाड्या स्थानिक आहे काय? घसरण थांबवण्याचा सराव करून घेता काय? ऊन चढून बर्फ भुसभुशीत होण्याआधी उतरता काय? आणि हवा बिघडल्यास शिखर सोडून परत फिरता काय? शेवटच्या प्रश्नाला जो ‘आमच्याकडे सगळेच शिखर गाठतात’ असे सांगेल, त्याच्याबरोबर मुलाला धाडू नये.