शेजारच्या कबरीवरचं नाव

(माणगाव येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



वंशावळ हा शब्द गेल्या काही वर्षांत आपल्याकडे घरोघरी पोचला आहे. २०२३च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. कुणबी नोंदींचा शोध आधी मराठवाड्यात आणि मग राज्यभर सुरू झाला, आणि कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांतली कित्येक वर्षं न उघडलेली दप्तरं सुटली. कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना चौदा, त्यातली मोडी अक्षरं, पणजोबांच्या नावापुढचा शेरा, हे सगळं आता एसटीत आणि चहाच्या टपरीवर बोललं जातं. एका नावावर किती काही अडून असतं, हे इथल्या माणसाला मी सांगायला नको. म्हणूनच जुन्या कबरींवरचे लेख आणि त्यांचे फोटो काढणारे स्वयंसेवक हा विषय इथं मांडावासा वाटला.

आपल्यापैकी बहुतेकांकडे दहन होतं. दगड उरत नाही. नाव उरतं ते त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत, नाहीतर कुणी चिकाटीनं छापलेल्या कुलवृत्तांतात. वही आहे म्हणून आपल्याला दगडाची आठवण होत नाही. पण ज्यांची अशी वही नाही आणि गाव सोडून ज्यांची जवळजवळ सगळी घरं गेली, त्यांचं काय? आपल्या जिल्ह्यात असा एक यहुदी समाज शतकानुशतकं आपल्या भिंतीला भिंत लावून राहिला. बेने इस्रायल. गावोगाव ते तेलाचे घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत.

त्यांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं, सात जोडपी वाचली आणि वाहून आलेली प्रेतं तिथंच पुरली गेली. नवगावची ती जागा आजही दाखवतात. तिथं मातीचे उंचवटे आहेत, अक्षर एकही नाही. पुढं हा समाज अष्टागरापासून जंजिऱ्यापर्यंत पसरला. रेवदंडा, अलिबाग, पेण, पनवेल, म्हसळा इथं त्यांची सिनेगॉग उभी राहिली. अलिबागेत इस्रायल आळी अजून त्याच नावानं ओळखली जाते. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ साली आपल्या समाजाचा इतिहास लिहून पुरा केला आणि तो छापून आला तो १९३७ साली, तेल अवीवमध्ये. १९५१च्या जनगणनेत भारतात २६ हजारांहून अधिक यहुदी होते, त्यांत मोठा भाग बेने इस्रायलांचा. २०११च्या जनगणनेत सगळे यहुदी मिळून साडेचार हजारांच्या थोडे वर. माणसं डिमोना, अश्दोद, रामले, लोद अशा गावी गेली आणि कबरी इथं राहिल्या.

आता या कबरी वंशावळीच्या दृष्टीनं एवढ्या मोलाच्या का, ते सांगतो. बेने इस्रायलांची आडनावं गावांवरून आली: केहीमकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर, राजपूरकर, आणि आपल्या शेजारच्या तळा गावावरून तळकर. अशी शंभराहून अधिक आडनावं आहेत. पण मुंबईला गेल्यावर पुष्कळांनी हे गावाचं नाव सोडून दिलं. महालक्ष्मी-वरळीकडचा डॉ. ई. मोझेस रोड आपण सगळे जाणतो. ते डॉक्टर १९३७च्या सुमारास मुंबईचे महापौर होते, आणि त्यांचं पूर्ण नाव एलिजा मोझेस राजपूरकर. रस्त्याच्या पाटीवरून राजपुरी गळालं. ‘बूट पॉलिश’ चित्रपटातला जॉनचाचा करणारे डेव्हिड हे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. ते टोरांटोला वारले, पण चौल त्यांच्या नावात होतं. सामान्य घरातल्या माणसाचं असं चरित्र कुणी लिहीत नाही. त्याचं गाव शोधायचं तर मुंबईचा दाखला अपुरा पडतो.

नावांचंही तसंच. १७९६ साली मुंबईत या समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल एझिकेल दिवेकर हे घरच्या बोलीत समाजी हसाजी दिवेकर. एका कागदावर सॅम्युएल एझिकेल आणि दुसऱ्यावर समाजी हसाजी असेल, तर परदेशात बसून शोधणाऱ्याला ही दोन माणसं वाटणार. कबरीच्या दगडावर मात्र अनेकदा एकाच लेखात हिब्रू नाव आणि मराठी नाव असतं, शिवाय बापाचं नाव. म्हणजे तो दगड दोन कागदांमधली गाठ आहे, आणि ती गाठ दुसरीकडे क्वचितच सापडते.

ही गाठ किती जिव्हाळ्याची असते याचा एक प्रसंग इतिहासात आहे. इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलांच्या विवाहांबद्दल तिथल्या मुख्य धर्मपीठानं १९६२ साली फतवा काढला: लग्न लावण्याआधी त्यांच्या मातृकुळाची, जाता येईल तितक्या मागच्या पिढीपर्यंत, चौकशी करा. कोकणातून गेलेल्या लोकांना ‘तुम्ही खरे कोण’ असं विचारलं गेलं. ते रस्त्यावर उतरले, जेरुसलेमला ठिय्या दिला, आणि १९६४ साली तिथल्या संसदेनं आणि सरकारनं त्यांच्या बाजूनं कौल दिल्यावर धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. मला या प्रसंगाचा अजून राग येतो. ज्या समाजानं हजारो मैलांवर, एकही ग्रंथ हाती नसताना, आपला शनिवार सांभाळला, त्याच्याकडे पुरावा मागितला गेला. आणि पुराव्याचा मोठा भाग इथं, करवंदीच्या जाळ्यांखाली, आपल्या गावांच्या कडेला पडून होता.

जगात या कामाच्या चांगल्या रीती बसल्या आहेत. भारतातल्या युरोपियन कबरस्तानांची नोंद ठेवण्यासाठी थिऑन विल्किन्सन यांनी १९७६ साली लंडनमध्ये एक संस्था काढली. तिच्या नियतकालिकाचं नाव ‘चौकीदार’, आणि नोंदी ब्रिटिश लायब्ररीत ठेवल्या जातात. १९९५ साली अमेरिकेत जिम टिप्टन नावाच्या तरुणानं ‘फाइंड अ ग्रेव्ह’ सुरू केलं. आधी त्याला फक्त प्रसिद्ध माणसांच्या कबरी हव्या होत्या. नंतर लोक आपल्या आज्या-पणज्यांच्या कबरी घालू लागले आणि आज तिथं वीस कोटींहून अधिक नोंदी आहेत. त्यातली सर्वांत सुंदर सोय अशी: दूर देशातला कुणी ‘अमुक कबरीचा फोटो मिळेल का’ असं मागणं टाकतो, आणि त्या गावाजवळचा अनोळखी माणूस फुरसत काढून जाऊन फोटो काढतो. यहुद्यांच्या वंशशोधासाठी ज्यूइशजेन ही संस्था आहे, ती जगभरच्या यहुदी दफनांची एक सूची चालवते.

पण मी तुम्हाला सांगतो, आपल्या जिल्ह्यातले दगड बाहेरच्या माणसाच्या हातून नीट नोंदले जाणार नाहीत. त्याला हिब्रू येईल, देवनागरी येणार नाही. देवनागरी आली तरी तळा कुठं, घोसाळं कुठं हे ठाऊक नसेल. झिजलेल्या दगडावर ‘ख’ आहे की ‘रव’, हे तोच ओळखतो ज्याला गावाचं नाव आधीच माहीत असतं. जुन्या कोरीव आकड्यांत १ आणि ९ सारखे दिसतात, आणि दशकाच्या जागी चुकलं तर माणूस ऐंशी वर्षं अलीकडे किंवा पलीकडे जाऊन पडतो. हिब्रू वर्ष अक्षरांत लिहितात. ताव ४००, रेश २००, नून ५०, बेत २, मिळून ६५२. त्याआधीचे पाच हजार गृहीत धरायचे, ५६५२, त्यातून ३७६० वजा केले की १८९२ येतं, आणि मृत्यू वर्षाच्या आरंभीच्या महिन्यांतला असेल तर १८९१. आता हिब्रूतलं बेत आणि काफ ही अक्षरं फार सारखी दिसतात. बेत म्हणजे २, काफ म्हणजे २०. एका फटीत शेवाळ साचलं की अठरा वर्षांची चूक. मात्र त्याच दगडावर मराठीत शके १८१३ कोरलेलं असेल, तर त्यात ७८-७९ मिळवून पडताळा घेता येतो. हिब्रू जाणणारा एक आणि मराठी जाणणारा एक, असे दोघे एकाच फोटोवर बसले पाहिजेत. यातला दुसरा माणूस आपण आहोत.

तरुण मंडळींनी नीट ऐकावं, कारण हातानं करायचं काम तुमचं आहे. या भागात वीरगळांचे फोटो काढत हिंडणारी मुलं मला भेटतात, त्यांना हे अवघड नाही. वीरगळावर बहुधा नाव नसतं, इथं नाव आहे. दसऱ्यानंतर गवत वाळू लागलं की सुरुवात करावी आणि होळीपर्यंत काम आटपावं, पावसाळ्यात शेवाळानं अक्षरं बुजतात. फोटो सकाळी किंवा उतरत्या उन्हात घ्यावा, म्हणजे किरण तिरके पडून कोरलेल्या रेषेत सावली बसते. डोक्यावरच्या उन्हात लेख सपाट दिसतो. ऊन हवं त्या बाजूनं येत नसेल तर घरचा मोठा आरसा न्यावा आणि त्यातून उजेड दगडावर आडवा पाडावा, बुजलेलं अक्षर अचानक वर येतं. एका दगडाचे तीन फोटो: पूर्ण दगड, जवळून लेख, आणि आजूबाजूच्या कबरींसह त्याची जागा. तिसरा फोटो लोक विसरतात आणि तोच फार उपयोगी, कारण नवरा-बायको, मायलेकरं शेजारी-शेजारी पुरलेली असतात. मोबाइलमध्ये जागेची नोंद चालू ठेवा.

दगडाला काय करू नये, हे त्याहून महत्त्वाचं. खडू फासू नका, चुना लावू नका, पीठ चोळू नका. तारेचा ब्रश आणि ॲसिड यांचं नावही नको. संगमरवराचा वरचा थर एकदा गेला की अक्षर कायमचं जातं. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. पुष्कळ ठिकाणी आपुलकीनं कबरींना ऑइलपेंट लावलेला आढळतो आणि त्या रंगानं लेख भरून जातो. तो खरवडायचा नाही, जसा आहे तसा फोटो घ्यायचा. पडलेला दगड उचलून उभा करायचा नाही, तो जिथं पडला ती जागाच पुरावा असते. लिहून घेताना जसं कोरलंय तसंच लिहायचं, शुद्धलेखन सुधारायचं नाही. जे अक्षर वाचता येत नाही तिथं प्रश्नचिन्ह टाकायचं. अंदाज वेगळ्या रकान्यात. एकदा अंदाज मूळ लेखात मिसळला की पुढचा प्रत्येक माणूस तो खरा धरून चालतो.

परवानगीवाचून जायचं नाही. अलिबाग-पेणकडे समाजाची मोजकी घरं अजून आहेत, त्यांना विचारायचं. त्यांच्या शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या संध्याकाळपासून शनिवार मावळेपर्यंत, हे काम नाही. कबरीवर फूल वाहण्याऐवजी लहान खडा ठेवण्याची त्यांच्याकडे चाल आहे, आणि बाहेर पडताना हात धुतात. आपणही ते पाळावं. हयात माणसांची नावं, पत्ते जाहीर नोंदीत घालायचे नाहीत.

ज्यांच्यावर अक्षर नाही अशा कबरींचीही नोंद करा, असा माझा आग्रह आहे. जुन्या पिढ्यांतल्या बहुतेकांना नुसता दगडांचा ढीग मिळाला. फोटोंच्या सूचीत त्यांना जागा नसते, कारण सूची नावानं चालते. म्हणून हातानं नकाशा काढा: ओळ, क्रमांक, ‘लेख नाही’. हेच आपल्या कोकणी मुसलमान बांधवांच्या कबरस्तानांना लागू आहे. मुरुडजवळ खोकरीला सिद्द्यांचे घुमट आहेत, त्यांवरचे अरबी लेख इतिहासकारांनी वाचले. पण गावोगावच्या कबरस्तानांत लेख कोरण्याची पद्धत फारशी नाही, आणि तिथल्या घराण्यांची पोरं दक्षिण आफ्रिकेत, आखातात, इंग्लंडात आहेत. तिथं नोंद दगडाची नाही, कबर दाखवणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्याची करायची. ते बोलणं तारखेसह ध्वनिमुद्रित करा, सांगणाऱ्याच्या संमतीनं. दगड आणखी पन्नास वर्षं थांबेल. ‘ही आमच्या तेल्याची कबर, त्याची बायको रोह्याची’ असं सांगणारी आजी थांबणार नाही.

व्याख्यान संपल्यावर मी थोडा वेळ इथंच बसणार आहे. टेबलावर वही ठेवली आहे. तळा, म्हसळा, गोरेगाव, निजामपूर, इंदापूर या बाजूला आपल्या शेताच्या बांधाला, ओढ्याच्या काठाला किंवा रस्त्यालगत जुनी कबर आहे असं ज्यांना आठवतं, त्यांनी गावाचं आणि वाडीचं नाव, जमल्यास गट क्रमांक, आणि ती कुणाची म्हणून गावात सांगतात ते लिहून द्यावं. खात्री नसली तरी चालेल, तसं लिहा. ज्यांच्या घरी आजोबा-आजी आहेत त्यांनी आज रात्री विचारून उद्या आणलं तरी वही उद्याही इथं असेल.