कार्यकारिणीतील पती-पत्नी : दोन नावे, दोन मते



आपल्या बीड जिल्ह्यात विहार समित्या, वाचनालये व शिक्षणसंस्था नोंदविल्या जातात, ही समाधानाची गोष्ट होय. वकील या नात्याने त्यांची कागदपत्रे माझ्यापुढे येतात, तेव्हा एक प्रकार वारंवार दृष्टीस पडतो : अध्यक्ष पती आणि कोषाध्यक्ष त्यांचीच पत्नी. हे योग्य की अयोग्य, याचा विचार आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

प्रथम कायदा पाहू. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यान्वये संस्था स्थापन करण्यास किमान ७ व्यक्ती लागतात. सार्वजनिक न्यासांचा कारभार १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाने चालतो. पती-पत्नीने एका मंडळावर बसू नये, असे या दोहोंपैकी कोठेही म्हटलेले नाही. तेव्हा प्रश्न कारभाराच्या नीतीचा उरतो.

आपल्याकडे ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. उचल नवरा घेतो. डोक्यावर मोळ्या वाहून गाडी भरण्यात बायको खपते. पण मुकादमाच्या वहीत दोन माणसांचा आकडा एकच. ही रीत अन्यायाची आहे हे आपण जाणतो. मग तीच रीत आपल्या समितीच्या इतिवृत्तात का शिरावी?

मजकडे आलेले एक प्रकरण सांगतो. हंगामाला जाण्यापूर्वी एका भगिनीने पतीच्या सांगण्यावरून इतिवृत्ताच्या कोऱ्या पानांवर सह्या करून दिल्या. पुढे पैशाचा हिशेब जुळेना, चौकशीची नोटीस दोघांच्याही नावे आली. ती म्हणाली, “यांनी सांगितले तेथे मी सही केली.” तिचे बोलणे खरे होते, परंतु विश्वस्ताला ते उत्तर पुरत नाही. अधिकार तिला कधी मिळालाच नव्हता, जबाबदारी मात्र अर्धी तिच्या पदरी आली.

म्हणून पत्नीला मंडळातून काढावे, असे मी म्हणत नाही. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापिला. सावित्रीबाई त्यात कार्यकर्त्या होत्या. आणि जोतीरावांच्या निधनानंतर, १८९३ साली, सासवडच्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनीच भूषविले. नावापुरत्या सभासदाला हे साधत नसते. आपल्याच जिल्ह्यात, अंबाजोगाईस, डॉ. द्वारकादास लोहिया व शैला लोहिया या दांपत्याने ‘मानवलोक’चे काम उभे केले, त्यात ‘मनस्विनी’ हे स्त्रियांचे कार्य शैलाताईंनी स्वतःच्या कर्तृत्वाने वाढविले. दांपत्य एका संस्थेत असणे हा दोष नव्हे; दोघांचे मत एकच धरणे हा दोष होय.

यास्तव आपल्या समितीच्या घटनेत पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात. बँकेच्या खात्यावर पती-पत्नी या दोघांच्याच सह्या नसाव्यात. तिसरी, घराबाहेरची सही अनिवार्य असावी. अध्यक्ष व कोषाध्यक्ष एका घरातील नसावेत. एकाच्या जमिनीचा, नोकरीचा वा देण्याघेण्याचा विषय निघाला, तर दोघांनीही मतदानास बसू नये. गणपूर्ती मोजताना दांपत्याबाहेरील सभासदांची संख्या पुरेशी असावी. इतिवृत्त वाचून दाखविल्याशिवाय कोणीही सही करू नये. विश्वस्त बदलले, तर ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा. आणि न्यासाची जमीन विकण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी घ्यावी. अर्ध्या समितीला कारखान्यावर जावे लागत असेल, तर महत्त्वाची सभा हंगाम संपून माणसे परतल्यावर बोलवावी.

हे नियम परके वाटू देऊ नका. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी दाखवून दिले की, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी व गुप्त मतदान यांचे नियम भिक्षुसंघाला ठाऊक होते. आणि १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी भगिनींना सांगितले होते की, पत्नीने पतीची मैत्रीण व बरोबरीची म्हणून उभे राहावे, दासी म्हणून नव्हे. ही बरोबरी घरात जितकी हवी, तितकीच सभेच्या सतरंजीवरही हवी.

भगिनींनो, पुढच्या सभेत सहीसाठी वही पुढे आली, तर आधी म्हणा : “वाचून दाखवा.” आणि बंधूंनो, ती तसे म्हणेल तेव्हा रागावू नका. त्या दिवशी तुमच्या समितीला एक सभासद खऱ्या अर्थाने मिळालेला असेल.

जय भीम.