एकट्या पुरुषाचे लघवीचे दुखणे



लग्न न केलेला एखादा पुरुष बहुतेक गावांत सापडतो. कोणी घरच्या जबाबदारीमुळे तसाच राहिलेला असतो, कोणी व्रत म्हणून. परंतु एखाद्याची गोष्ट याहून वेगळी असते. त्याने काही सोडलेले नसते, कारण त्याला ते कधी हवेसेच वाटलेले नसते. स्त्री असो वा पुरुष, कोणाविषयीच त्याला शारीरिक ओढ वाटत नाही. त्याला माया असते, पुतण्या-भाच्यांचा लळा असतो. ती एक भूक तेवढी नसते. कधी कधी घरच्यांच्या आग्रहाखातर असा माणूस बोहल्यावरही चढतो, पण मनाने त्या बाबतीत एकटाच राहतो. अशा व्यक्तीला हल्ली ‘अलैंगिक’ म्हणतात. शब्द नवा असला तरी माणूस नवा नाही. १९४८ साली अमेरिकेत आल्फ्रेड किन्से यांनी पुरुषांच्या कामजीवनाची पाहणी प्रसिद्ध केली, तीत अशांसाठी ‘एक्स’ हा वेगळा रकाना होता. पुढे २००४ साली अँथनी बोगार्ट या कॅनडातील अभ्यासकांनी ब्रिटनमधील १८ हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली, तेव्हा शंभरात सुमारे एक जण असा निघाला.

या माणसाच्या उतारवयातील एका दुखण्याविषयी आज बोलायचे आहे. ते आहे लघवीचे दुखणे. ते कोणाही पुरुषाला होते. पण हा माणूस ते पुष्कळ दिवस अंगावर काढण्याचा संभव अधिक, आणि त्याचे कारण शरीरात नसून आपल्या बोलण्याचालण्यात आहे.

आधी दुखणे समजून घेऊ. मूत्राशयाच्या खाली प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. तरुणपणी ती अक्रोडाएवढी असते, आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. चाळिशीनंतर ही ग्रंथी हळूहळू वाढू लागते. शेतातल्या पाटात दोन्ही बाजूंची माती ढासळली म्हणजे पाणी कसे अडखळते? तसेच इथे होते. धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, शेवटी थेंब थेंब गळत राहते, पोट मोकळे झाल्यासारखे वाटत नाही, आणि रात्री तीन-तीन, चार-चार वेळा उठावे लागते. पन्नाशी ते साठीच्या सुमारे निम्म्या पुरुषांत ही वाढ आढळते. ऐंशीच्या पुढे दहांतल्या आठांत. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, हेही लक्षात ठेवावे.

आता गावात याचे कारण काय सांगतात, पाहा. एक म्हणतो, “वेळेवर लग्न केलं असतं तर ही पाळी आली नसती, आत कोंडून राहिलं, ते बाधलं.” दुसरा म्हणतो, “तरुणपणी काही चाळे केले असतील.” म्हणजे केले तरी दोष, न केले तरी दोष! यात भर म्हणून एखादा बुवा ‘धातू’ची पुडी बांधून देतो आणि पैसे घेतो.

खरे कारण साधे आहे. ही ग्रंथी वाढते ती वयामुळे आणि वृषणात तयार होणाऱ्या टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकामुळे. याच ग्रंथीचा कर्करोगदेखील त्या संप्रेरकावर पोसतो, हे शिकागोचे शल्यविशारद चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवून दिले आणि त्याबद्दल १९६६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ओढ नाही म्हणजे संप्रेरक नाही, असे मात्र नव्हे. अलैंगिक मुलालाही मिसरूड फुटते, त्याचाही आवाज फुटतो. आणि तशीच पुढे त्याचीही प्रोस्टेट वाढते. त्यात त्याचे काही चुकलेले नसते.

कोणी शिकलेला मनुष्य म्हणेल, ज्यांचे वीर्यस्खलन अधिक वेळा होते त्यांना कर्करोग कमी होतो, असे संशोधन आहे ना? आहे. सुमारे ३२ हजार अमेरिकन पुरुषांच्या दीर्घ पाहणीचा तसा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला. पण दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली, असे सिद्ध होत नाही. आणि ती पाहणी कर्करोगाची होती, ग्रंथीच्या साध्या वाढीची नव्हती. तिच्या आधारे कोणी आपल्या स्वभावाला मुरड घालावी किंवा पन्नाशीत लग्नाला उभे राहावे, असे मुळीच नाही.

खरी अडचण दवाखान्यात येते. डॉक्टर विचारतात, “मुलं किती? इच्छा कशी आहे?” बाहेर ओळखीची माणसे बाकावर बसलेली असतात. आपला माणूस गोरामोरा होतो, “काही नाही, जरा सर्दी आहे” म्हणतो आणि गोळ्या घेऊन परततो. आता गंमत पाहा, सर्दीच्या काही गोळ्यांनीच अशा माणसाची लघवी पुरती अडू शकते!

तेव्हा एक वाक्य पाठ करून ठेवावे: “डॉक्टर, मला ती इच्छा पहिल्यापासून नाही आणि त्याबद्दल तक्रारही नाही. माझी तक्रार लघवीची आहे.” एवढे पुरे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ सालच्या ग्रंथातही, जो स्वतःला अलैंगिक म्हणवतो त्याच्या इच्छेच्या अभावाला विकार म्हणू नये, असे नमूद आहे. मात्र इच्छा पूर्वी होती आणि अलीकडे गेली असेल, तर तेही स्पष्ट सांगावे. कारण त्यामागे मधुमेह, संप्रेरकाची कमतरता किंवा मनाचा आजार असू शकतो.

या दुखण्याची तीव्रता मोजण्यासाठी जगभर सात प्रश्नांची एक यादी वापरतात. धार कशी, किती वेळा जावे लागते, रात्री किती वेळा उठता, असे ते प्रश्न. प्रत्येकाला पाचपर्यंत गुण, एकूण ३५. सातापर्यंत सौम्य, १९ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. या सातांत लग्नाविषयी वा कामेच्छेविषयी एकही प्रश्न नाही!

उपायही आहेत. टॅम्सुलोसिनसारखी औषधे तेथील स्नायू सैल करतात. ती घेणाऱ्याने अंथरुणातून एकदम उठू नये, चक्कर येते. फिनॅस्टराइडने ग्रंथी लहान होते, पण गुण यायला सहा महिने लागतात, आणि त्याने कामेच्छा कमी होऊ शकते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाऊ शकते. “तुम्हाला काय फरक पडतो?” असे कोणी परस्पर ठरवू नये. कदाचित फरक पडणारही नाही. पण शरीर त्याचे आहे, तेव्हा माहिती त्यालाही पुरी द्यावी आणि निर्णय त्याचा त्याला घेऊ द्यावा.

घरी काय करावे? दिवसा पाणी तोडू नये, विशेषतः उन्हात राबणाऱ्याने; रात्रीच्या जेवणानंतर मात्र कमी प्यावे. संध्याकाळनंतर चहा टाळावा. लघवी झाल्यावर थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करावा. रात्रीच्या वाटेवर दिवा असावा. लघवीतून रक्त गेले, थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आणि लघवी साफ अडून ओटीपोट फुगले, तर सकाळची वाट पाहू नये. रात्रीच रुग्णालयात जावे. तिथे नळी घालून काही मिनिटांत सुटका होते.

पण त्या रात्री नेणार कोण? एकट्या माणसाचा खरा प्रश्न हा आहे. म्हणून त्याने एका तरी माणसाला, पुतण्याला, शेजाऱ्याला, सोबतच्या शिक्षकाला, आपले दुखणे आधीच सांगून ठेवावे. बाकी काही सांगितले नाही तरी चालेल.

शिक्षकबंधूंना एक विनंती. र. धों. कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि शरीराविषयी मराठीत सरळ शब्दांत लिहिले. तेवढे धाडस आपल्याकडून कोणी मागत नाही. पारावर कोणी एखाद्या अविवाहित काकांची थट्टा करू लागला, तर आपण तिला हसू नये आणि विषय बदलावा, एवढे पुष्कळ झाले. ज्याची थट्टा होत नाही, तो दुखणे वेळेवर सांगतो.